नारळी पौर्णिमेला मुरुडला जायचं तर

मुरुडला येणारे बहुतेक लोक जंजिरा बघून परततात. इथला कोळीवाडा अनुभवायचा असेल तर नारळी पौर्णिमेला यावं. पण येण्याआधी कॅलेंडर नीट बघा. २०२५ साली नारळी पौर्णिमा ८ ऑगस्टला होती, राखी ९ ला. राखीच्या सुट्टीचा हिशेब धरून निघालेला माणूस अशा वर्षी एक दिवस उशिरा पोचतो.

या सणामागे आधी समुद्राचं गणित आहे, देवाचं नंतर. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, आणि पुष्कळ मासळीचा विणीचा काळही हाच. म्हणून होड्या वर ओढून शाकारून ठेवायच्या, जाळी सांधायची, डागडुजी उरकायची. श्रावणात पावसाचा जोर ओसरू लागतो. मग दर्याला नारळ द्यायचा, शांत हो म्हणायचं आणि होडी पाण्यात लोटायची. आता यात सरकारी तारीखही आली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. पण पौर्णिमा तारखेला बांधलेली नाही. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे ती थेट ३० ऑगस्टला आली. बंदी उठल्यावर महिनाभर हातावर हात ठेवून बसणं कोणाला परवडतं? त्यामुळे एखादी होडी नारळाआधीच दर्यावर जाऊन आलेली असते. पण म्हणून नारळाचा मान काही कमी होत नाही.

किनाऱ्यावर कधी जायचं, तेही तिथीच सांगते. किनारपट्टीचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास उधाणाचं पाणी. नंतर पाणी उतरत जातं आणि संध्याकाळी मुरुडची पुळण लांबवर उघडी पडते.

सकाळी घराघरांत नारळीभात आणि करंज्यांची गडबड. नाक्यावर नारळफोडी रंगते: एकाने नारळ हातात घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर आपटायचा, ज्याचा फुटेल त्याने तो समोरच्याला द्यायचा. बघायला सोपं, पण नारळ निवडण्यातच अर्धी बाजी असते. पताका लावलेल्या होड्यांची पूजा होते. मग वाजतगाजत मिरवणूक निघते, पुढे सोनेरी कागदात सजवलेला नारळ. तोच ‘सोन्याचा नारळ’. बायका ठेवणीतल्या लुगड्यांत आणि दागिन्यांत, पुरुष रुमाल आणि लाल टोपीत. पाण्याशी पोचल्यावर ढोलकी क्षणभर थांबते, नारळ लाटेवर सोडला जातो, आणि पुन्हा नाच सुरू.

पाहुण्याने काय करावं? हा कार्यक्रम तुमच्यासाठी ठेवलेला नाही, एवढं ध्यानात ठेवलं की बाकीचं आपोआप जमतं. पसरलेल्या जाळ्यावर पाय देऊ नका. पूजा झालेल्या होडीवर बोलावलं तर चपला खाली काढा. बायकांचे फोटो विचारूनच घ्या. नाचणारी बाई नटली आहे ती दर्यासाठी, तुमच्या मोबाइलसाठी नव्हे. आपला एक नारळ मात्र जरूर न्या.

किनाऱ्यावरून समोर पाण्यात पद्मदुर्ग किल्ला दिसतो. त्याच पाण्यातली एक गोष्ट इथे सांगतात. सोनकोळ्यांच्या लाय पाटलाने जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावण्याचं धाडस केलं, म्हणून शिवाजी महाराजांनी त्याला पालखी देऊ केली. दर्यावरच्या माणसाला पालखी काय कामाची, म्हणून त्याने ती नाकारली. तेव्हा महाराजांनी गलबत बांधून दिलं आणि त्याचं नाव ‘पालखी’ ठेवलं.

जंजिऱ्याला जायची होडी पावसाळ्यात बंद असते. त्यामुळे नारळी पौर्णिमेला आलात तर किल्ला राजपुरीच्या किनाऱ्यावरूनच बघावा लागेल.