न दिसणाऱ्याचाही हिशेब लागतो

आम्ही मुंबईच्या घाटकोपरमधल्या वस्तीतल्या बचत गटाच्या बायका. आज तुमच्याशी आकाशाबद्दल बोलणार आहोत, पण निमित्त घरातलंच आहे. गेल्या महिन्यात आमची एक मैत्रीण गळ्यात नवं लॉकेट घालून बैठकीला आली. विकणाऱ्याने तिला सांगितलं होतं, "यात डार्क मॅटरची शक्ती आहे. विज्ञानच म्हणतं की विश्वात न दिसणारं खूप काही आहे." तिचे ५०० रुपये गेले. मग आम्ही ठरवलं, विज्ञान नक्की काय म्हणतं ते आपणच समजून घेऊ. विज्ञान शिकवणाऱ्या एका ताईंना बोलावलं, पुस्तकं वाचली. कळलं ते तुम्हाला सांगतो.

न दिसणारं काही आहे, हे खरं. शेतात गोफण फिरवताना दोरी दगडाला धरून ठेवते. दगड जितका जोरात फिरवाल, तितकी दोरी मजबूत हवी. आपली आकाशगंगा, तशा इतर दीर्घिका, यांच्यातले तारेही असेच फिरतात. त्यांची दोरी म्हणजे गुरुत्वाकर्षण. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांना दीर्घिकांच्या एका समूहात वेग फार जास्त दिसला. पुढे १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन या बाईंनी, चार मुलांच्या आईने, दीर्घिकांच्या कडेचे तारे मोजले. तेही इतके वेगात होते की दिसणाऱ्या पदार्थाची ओढ त्यांना पुरलीच नसती. म्हणजे तिथे न दिसणारं वजन आहे. त्यालाच डार्क मॅटर किंवा कृष्णद्रव्य म्हणतात.

पण ते बनलंय कशाचं? इथे आपल्या गटाचा हिशेब कामी येतो. समजा, पेटीत २,००० रुपये आहेत आणि ४० जणींनी सारखी रक्कम टाकली आहे. पेटी न उघडताही आपण सांगू, की प्रत्येकीने ५० रुपयेच टाकले असणार. कोणी म्हणाली, "प्रत्येकीने ५०० टाकले", तर ते खोटं. एकूण रक्कम ठाऊक असली की एकेकीवर मर्यादा येते.

हाच हिशेब रामनाथ कौशिक यांनी विश्वाला लावला. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, तिथे काम केलेले हे शास्त्रज्ञ. १९७२ मध्ये अमेरिकेत बर्कले इथे असताना त्यांनी मॅक्लेलँड या सहकाऱ्याबरोबर तो मांडला. न्यूट्रिनो नावाचे कण विश्वाच्या सुरुवातीपासून उरले आहेत. लुडोच्या फाशाएवढ्या जागेत सरासरी ३०० च्या वर! ते आपल्या अंगातून आरपार जातात, आपल्याला पत्ताही लागत नाही. एवढे कण जड असते, तर त्यांच्या ओढीने विश्वाच्या पसरण्याला जोराचा ब्रेक लागला असता. विश्व आजच्याएवढं पसरलंच नसतं. यावरून त्यांनी न्यूट्रिनोच्या वजनावर मर्यादा घातली: इलेक्ट्रॉनच्या वजनाच्या ६०,००० व्या भागाहूनही कमी. न्यूट्रिनोच्या एका जातीसाठी तेव्हा प्रयोगशाळेची मर्यादा याहून हजारो पट सैल होती. कण तराजूत न घालता आकाशाने त्याचं वजन आवळलं.

पुढच्याच वर्षी त्यांनी सुचवलं, की दीर्घिकांच्या समूहातलं न दिसणारं वजन म्हणजे हेच न्यूट्रिनो असतील. कल्पना छान होती, पण तिलाही परीक्षा द्यावी लागली. खळ्यावर उफणणी करताना दाणे जवळ रास करतात आणि भुसा लांब उडतो. न्यूट्रिनो त्या भुशासारखे. सुरुवातीला ते इतके वेगात होते की त्यांची लहान रास होणंच कठीण. १९८० च्या दशकात हे संगणकावर मांडून पाहिलं, तेव्हा आज दिसतात तशा दीर्घिका वेळेत तयार होईनात. म्हणून बहुतेक कृष्णद्रव्य न्यूट्रिनोचं नाही, असं ठरलं.

आज कोणी नवा कण सुचवला, तर आकाश त्याला आधी प्रश्न विचारतं. तू प्रकाशाला चिकटत नाहीस ना? सुरुवातीला संथ होतास का? इतकी वर्षं टिकलास का? आणि दर किलो साध्या पदार्थामागे पाच किलोहून थोडं जास्त, एवढंच तुझं एकूण वजन भरतं का? एकाही प्रश्नाला उत्तर चुकलं, तर तो कण बाद. असे कितीतरी बाद झाले. जमिनीखाली खोल प्रयोग चालू आहेत, पण खरा कण अजून कोणाच्या हाती लागलेला नाही.

आता लॉकेटकडे येऊ. शास्त्रज्ञांच्या अंदाजाने आख्ख्या पृथ्वीएवढ्या जागेत एका वेळी कृष्णद्रव्य असतं जेमतेम अर्धा ते एक किलो. विश्व अफाट आहे, म्हणून थोड्याथोड्याची बेरीज प्रचंड होते. पण लॉकेटच्या वाट्याला काय येणार? आणि जे धातूतून आरपार जातं, ते लॉकेटात कोंडणार तरी कसं?

आमच्या मैत्रिणीला हे ऐकून आधी राग आला, मग ती हसली. लॉकेट तिने काढून ठेवलंय. पैसे परत मिळाले नाहीत, पण तोच विक्रेता पुन्हा आला तेव्हा वस्तीतल्या कुणीच काही घेतलं नाही.

तर मैत्रिणींनो, न दिसणारी गोष्ट असू शकते. पण ती खरी असेल तर हिशेबाला बसते. कोणी अदृश्य शक्ती विकायला दारात आला, तर पैसे काढण्याआधी एवढंच विचारा: "किती आहे, आणि मोजलं कसं?"