रीसेट सोडला म्हणजे सुटला असं नाही

ड्रायव्हरमधून चिपला वीज कशी द्यायची आणि क्लॉक कसं सुरू करायचं, हे आपण याआधी पाहिलं. आज तिसरी गोष्ट: रीसेट. ऐकायला ही सगळ्यात सोपी. एक तार, तिच्या दोनच अवस्था, आणि ड्रायव्हरमध्ये मोजून तीन-चार ओळी. पण “बोर्ड पन्नासातून एकदा उठत नाही” अशी तक्रार येते, तेव्हा शोध पुष्कळदा याच ओळींपाशी येऊन थांबतो.

टेबलावर पन्नासातून एकदा म्हणजे काहीच नाही. पुन्हा स्विच दाबला की झालं. पण तोच बोर्ड गावाबाहेरच्या पंपहाऊसमध्ये बसवलेला असेल, रात्री वीज जाऊन परत आली आणि त्याचं इथरनेट उठलंच नाही, तर सकाळी कोणाला तरी गाडी काढून तिथवर जावं लागतं. म्हणून आजचा विषय जरा सावकाश घेऊ. उदाहरणं लिनक्स कर्नलची आहेत, पण मुद्दे कुठल्याही प्रणालीला लागू पडतील. फंक्शनांची नावं देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये त्या शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर असतो, एवढं लक्षात ठेवा.

रीसेट काय करतो

चिपच्या पोटात असंख्य फ्लिप-फ्लॉप असतात. वीज आली त्या क्षणी त्यातला कुठला शून्यावर असेल आणि कुठला एकवर, याचा काही नेम नसतो. कवायतीत “सावधान” म्हटल्यावर सगळे ठरलेल्या स्थितीत येतात, तसं रीसेट लागला की सगळे फ्लिप-फ्लॉप ठरलेल्या जागी येतात आणि रीसेट सुटेपर्यंत तिथेच राहतात.

इथे दोन शब्द पक्के करू. ‘असर्ट’ म्हणजे रीसेट लावणं, चिपला धरून ठेवणं. ‘डीअसर्ट’ म्हणजे रीसेट सोडणं, चिपला कामाला लागू देणं.

सोडण्याच्या क्षणी आणखी एक गोष्ट घडते. बऱ्याच चिप त्याच वेळी आपल्या काही पिनांवरची पातळी वाचतात आणि त्यावरून स्वतःचा पत्ता किंवा मोड ठरवतात. या स्ट्रॅप पिना. लॅन८७१०ए या इथरनेट चिपमध्ये, नंतर ज्या पिनांवरून आलेला डेटा बाहेर जातो त्यातल्याच काही पिनांवरून आधी पत्ता आणि मोड वाचला जातो. त्या क्षणी पिनेवर चुकीची पातळी असली, तर चिप धडधाकट असूनही भलत्याच पत्त्यावर उत्तर देते. ड्रायव्हर जुन्या दारावर टकटक करत बसतो आणि “चिप सापडली नाही” असं सांगतो.

तारा दोन प्रकारच्या

पहिली तार प्रोसेसरच्या आतली. आजच्या एसओसीमध्ये यूएसबी, डिस्प्ले, इथरनेट असे अनेक ब्लॉक असतात आणि त्यांच्या रीसेट तारा एका मध्यवर्ती रजिस्टरगटात आणलेल्या असतात. एक बिट बदलला की एक ब्लॉक रीसेटमध्ये जातो किंवा बाहेर येतो. हा गट सांभाळणारा तो रीसेट कंट्रोलर. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या एसओसीसाठी वेगळी फंक्शनं असायची. २०१३ मध्ये कर्नल ३.१० मध्ये यासाठी एक सामाईक चौकट आली. आता ड्रायव्हरला कुठल्या रजिस्टरचा कितवा बिट हे ठाऊक असावं लागत नाही. डिव्हाइस ट्रीमध्ये ‘रीसेट्स’ या नावाखाली ते लिहिलेलं असतं. ड्रायव्हर फक्त मागतो, आणि मग ‘रीसेट कंट्रोल असर्ट’ किंवा ‘रीसेट कंट्रोल डीअसर्ट’ म्हणतो.

दुसरी तार बोर्डावरची. प्रोसेसरच्या एका जीपीआयओ पिनेपासून बाहेरच्या चिपच्या रीसेट पिनेपर्यंत तांब्याची रेघ गेलेली असते. डिव्हाइस ट्रीमध्ये ती ‘रीसेट-जीपीआयओज’ म्हणून येते. या रेघेवर वाटेत काय काय बसवलंय, ते ड्रायव्हरला दिसत नाही. हे लक्षात ठेवा, थोड्या वेळात यावरच येऊ.

उलटी तार

बाहेरच्या चिपांची रीसेट पिन बहुधा ‘लो’ असताना लागू होते: शून्य व्होल्ट म्हणजे रीसेट लागला, ३.३ व्होल्ट म्हणजे सुटला. मग ड्रायव्हरने रीसेट लावताना शून्य लिहायचं का? नाही. एक लिहायचं. जीपीआयओच्या नव्या फंक्शनांमध्ये एक म्हणजे “लागू”, शून्य म्हणजे “लागू नाही”. पिन प्रत्यक्षात वर जाईल की खाली, हे डिव्हाइस ट्रीमधल्या ‘ॲक्टिव्ह लो’ या खुणेवरून कर्नल ठरवतं.

काही जुन्या ड्रायव्हरांत नेमका इथे घोळ झाला. ड्रायव्हरने उलटं लिहिलं, डिव्हाइस ट्रीनेही उलटं सांगितलं, आणि दोन चुकांनी मिळून बोर्ड चालू लागला. पुढे कोणी ड्रायव्हर नीट केला की जुने बोर्ड बंद पडतात. अशा बोर्डांसाठी कर्नलला आजही पोलॅरिटीचे खास अपवाद सांभाळावे लागतात. तेव्हा नवीन बोर्ड आणताना ऑसिलोस्कोप लावून पिनेवरची पातळी एकदा डोळ्यांनी पाहा. बोर्ड चालला म्हणजे खूण बरोबर, असं नाही.

आधी काय, मग काय

क्रम साधा आहे: रीसेट लावलेला ठेवा, वीज द्या, ती स्थिर होऊ द्या, क्लॉक सुरू करा, मग रीसेट सोडा, आणि चिपला उठायला वेळ देऊन मगच तिच्याशी बोला. काही ब्लॉकना रीसेट नीट लागण्यासाठीही क्लॉक चालू असावं लागतं. क्लॉक नसेल तर “सावधान” त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. उलट, रीसेटमध्ये असलेल्या ब्लॉकचं रजिस्टर वाचायला गेलात तर काही एसओसीवर शून्य मिळतं आणि काहींवर बसच अडकून सगळा बोर्ड थिजतो.

किती थांबायचं, ते डेटाशीट सांगतं. पीसीआय एक्सप्रेस कार्डाचं उदाहरण घ्या. वीज स्थिर झाल्यावर किमान १०० मिलिसेकंद आणि क्लॉक स्थिर झाल्यावर किमान १०० मायक्रोसेकंद रीसेट लावलेला असला पाहिजे. सोडल्यावरही लगेच कार्डाशी बोलता येत नाही. एकात मिलिसेकंद, दुसऱ्यात मायक्रोसेकंद: वाचताना घाई केली की इथे हजारपटीचा फरक पडतो.

आणखी एक बारकावा. रजिस्टरमध्ये लिहिलेलं मूल्य वाटेतल्या बफरमध्ये रेंगाळू शकतं. तुम्ही लिहिलं, लगेच १० मायक्रोसेकंद मोजलेत, पण बिट बदलला तो मोजणी सुरू झाल्यावर. म्हणून बरेच ड्रायव्हर लिहिल्यावर तेच रजिस्टर एकदा परत वाचतात आणि मग वेळ मोजायला लागतात.

बीगलबोनची गोष्ट

आता वाटेत काय बसवलंय त्याकडे येऊ. बीगलबोन ब्लॅक हा बोर्ड तुमच्यापैकी अनेकांनी हाताळला असेल. त्याच्या सी३ आवृत्तीत इथरनेट चिपचा रीसेट जीपीआयओने हलवता येतो. कर्नलच्या डिव्हाइस ट्रीमध्ये यासाठी दोन आकडे होते: रीसेट ३०० मायक्रोसेकंद लावायचा आणि सोडल्यावर साडेसहा मिलिसेकंद थांबायचं. सगळं ठीक चालत होतं.

मग कर्नलच्या दुसऱ्याच भागात एक योग्य साफसफाई झाली. बूट होताना हा रीसेट दोनदा सोडला जात होता. दुसरी वेळ अनावश्यक होती, म्हणून ती काढली. आणि बीगलबोनवर इथरनेट चिपचा प्रोब उणे ५ या त्रुटीने, म्हणजे इनपुट-आउटपुटच्या दोषाने, फसू लागला. दोनदा सोडण्यात नकळत दुप्पट वेळ मिळत होता, तो गेला होता. उपाय म्हणून साडेसहाचे १३ मिलिसेकंद केले. तरीही कधीमधी प्रोब फसतच राहिला.

शेवटी उत्तर मिळालं ते बोर्डाच्या नकाशात. रीसेटची तार एका ओपन-ड्रेन गेटमधून जाते. असं गेट तारेला खाली ओढू शकतं, वर ढकलू शकत नाही. वर नेण्याचं काम १० किलोओहमच्या पुल-अप रेझिस्टरचं, आणि त्याच तारेवर ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जमिनीकडे जोडलेला. दोघांचा गुणाकार करा: ४७ मिलिसेकंद. कपॅसिटर अर्ध्या व्होल्टेजपर्यंत भरायला याच्या साधारण ०.७ पट, म्हणजे ३३ मिलिसेकंद लागतात. कपॅसिटरमध्ये २० टक्के इकडेतिकडे असू शकतं. म्हणजे ४० धरा.

आता आपणच हिशेब करू. पुल-अप ३.३ व्होल्टला आहे असं धरलं, तर ड्रायव्हरने “सोडला” म्हटल्यानंतर १३ मिलिसेकंदांनी तार जेमतेम ०.८ व्होल्टवर असते. ड्रायव्हरच्या मते रीसेट केव्हाच सुटला. चिपच्या मते तो अजून लागलेलाच आहे. शेवटी थोडी फट ठेवून आकडा ५० मिलिसेकंद केला गेला.

या गोष्टीत आजचा सगळा विषय आला. डेटाशीटमधली वेळ चिपच्या पिनेवर रीसेट सुटल्यापासून मोजायची असते. तुमचं फंक्शन परत आलं त्या क्षणापासून नव्हे. या दोन क्षणांमधलं अंतर बोर्ड ठरवतो, आणि ते बोर्डाच्या वर्णनात, म्हणजे डिव्हाइस ट्रीमध्ये लिहिलं गेलं पाहिजे. ड्रायव्हरमध्ये कायमचा आकडा कोरला तर दुसऱ्या बोर्डावर तो खोटा ठरतो. इथरनेट चिपसाठी असे वेळेचे गुणधर्म डिव्हाइस ट्रीत आधीपासूनच आहेत, ते वापरा.

तार सामाईक असेल तर

कधी एकाच तारेवर दोन ब्लॉक लटकलेले असतात. काही एसओसीवर यूएसबीच्या वेगवान आणि संथ अशा दोन कंट्रोलरांना मिळून एकच रीसेट असतो. एका ड्रायव्हरने आपलं काम संपलं म्हणून रीसेट लावला, तर दुसऱ्याचं चालू काम तुटेल. म्हणून चौकटीत मागण्याचे दोन प्रकार आहेत.

‘एक्सक्लुझिव्ह’ म्हणजे तार माझ्या एकट्याची. दुसऱ्या कोणी मागितली तर त्याला नकार मिळतो. ‘शेअर्ड’ म्हणजे चाळीच्या जिन्यातला दिवा: पहिला येणारा लावतो, शेवटचा जाणारा मालवतो. पहिल्याने ‘डीअसर्ट’ म्हटलं की रीसेट सुटतो, आणि सगळ्यांनी ‘असर्ट’ म्हटल्यावरच तो पुन्हा लागतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: सामाईक तारेवर तुम्ही ‘असर्ट’ म्हटलंत तरी तुमचा ब्लॉक रीसेट झालाच, असं धरता येत नाही. अडकलेला ब्लॉक सोडवायला तुमचा ड्रायव्हर रीसेटवर अवलंबून असेल, तर ‘शेअर्ड’ मागणं ही फसवणूक ठरेल.

बोर्डावरच्या जीपीआयओ तारांसाठी अशी सोय बरीच वर्षं नव्हती. २०२४ मध्ये कर्नल ६.९ मध्ये जीपीआयओलाच रीसेट कंट्रोलरसारखं वागवणारा छोटा ड्रायव्हर आला. त्यामागे गरज होती ती एकाच रीसेट पिनेवर असलेल्या स्पीकरच्या अनेक ॲम्प्लिफायर चिपांची.

आणि तार काही बोर्डांवर असेल, काहींवर नसेल, तर ‘ऑप्शनल’ प्रकाराने मागा. तार नसेल तर रिकामा पॉइंटर मिळतो आणि पुढची फंक्शनं तो मुकाट्याने चालवून घेतात. पण खरी त्रुटी आली तर ती गिळू नका. उणे ५१७ आलं, तर त्याचा अर्थ रीसेट देणारा ड्रायव्हर अजून उठलेला नाही. ती त्रुटी जशीच्या तशी परत करा. कर्नल तुमचा प्रोब पुन्हा करेल.

काय तपासायचं

तुमच्यापैकी कोणी बेंगळुरूत, कोणी हैदराबादेत, कोणी पुण्यात ड्रायव्हर लिहीत असाल, आणि बोर्ड काढणारी टीम भलत्याच शहरात असेल. म्हणूनच तिला पहिल्याच दिवशी चार प्रश्न विचारा. रीसेटची तार वर असताना लागते की खाली? तिच्यावर गेट, रेझिस्टर, कपॅसिटर काय आहे? ती आणखी कुठल्या चिपला जाते का? आणि स्ट्रॅप पिनांना त्या क्षणी योग्य पातळी कोण देतं?

मग ऑसिलोस्कोपचा एक प्रोब चिपच्या वीजपुरवठ्यावर लावा आणि दुसरा चिपच्या रीसेट पिनेवर, प्रोसेसरच्या टोकाला नव्हे. बोर्ड शंभर वेळा बंद-चालू करा, थंड असतानाही आणि तापलेला असतानाही. थांबण्याची वेळ वाढवली की दोष जातो, एवढ्यावर समाधान मानू नका. किती वाढवल्यावर जातो आणि तो आकडा कुठून आला, हे कागदावर सांगता आलं पाहिजे. १३ आणि ५० मधला फरक तिथेच सापडतो.

पुढच्या भागात इंटरप्ट घेऊ. तोवर तुमच्या हाताशी असलेल्या एका बोर्डाचा नकाशा उघडा, रीसेटची एक तार टोकापासून टोकापर्यंत बोटाने शोधत जा, आणि वाटेत काय लागलं ते लिहून ठेवा. भेटूच.