औषध होतं, विचारणारं कुणी नव्हतं

30 जानेवारी, कुष्ठरोग निवारण दिन जवळ आला की सेवाग्रामचं ते छायाचित्र हमखास कुठेतरी छापून येतं. गांधीजी परचुरे शास्त्रींच्या अंगाला मालिश करताहेत. संस्कृतचे पंडित असलेले हे शास्त्री येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे सहबंदी होते. कुष्ठरोगाने गांजलेल्या अवस्थेत 1939मध्ये ते सेवाग्रामला आले. पुढे मनोहर दिवाणांनी उभारलेल्या दत्तपूरच्या कुष्ठधामात राहिले आणि 1945मध्ये वारले.

ते गेल्यावर जेमतेम वर्षभरात, 1946च्या सुमारास, मद्रासजवळ चेंगलपट्टूला डॉ. रॉबर्ट कॉक्रेन कुष्ठरुग्णांना डॅप्सोन हे गुणकारी औषध टोचू लागले. हळहळ वाटते ना? पण खरी हळहळ पुढेच आहे. डॅप्सोन हे रसायन फ्रॉम आणि विटमन यांनी जर्मनीत फ्रायबर्गला 1908मध्येच तयार केलं होतं! शास्त्रीजींनी सोसलं त्या सगळ्या काळात औषध जगात होतं. ते औषध आहे, एवढंच कुणाला ठाऊक नव्हतं.

कारण कुष्ठाचा जंतू हट्टी. हॅन्सन यांनी तो 1873मध्ये पाहिला, पण प्रयोगशाळेच्या बशीत तो आजही वाढत नाही. मग औषध तपासायचं कशावर? शिवाय त्याची चाल बघा. विरजणातले जंतू तासाभरात दुप्पट होतात, म्हणून रात्री लावलेलं दही सकाळी तयार. कुष्ठाच्या जंतूला दुप्पट व्हायला जवळपास दोन आठवडे लागतात. तो विरजणात असता, तर दही खायला सुमारे पाच महिने थांबावं लागलं असतं.

वाट निघाली ती क्षयामुळे. क्षयाचा जंतू हा कुष्ठाच्या जंतूचा चुलतभाऊ. डॅप्सोनपासून बनवलेलं प्रोमिन गिनीपिगमधल्या क्षयावर गुण देतं असं दिसलं, म्हणून अमेरिकेतल्या कार्व्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गाय फॅजे यांनी 1941मध्ये ते रुग्णांना दिलं. गुण आल्याचे निष्कर्ष छापून आले 1943मध्ये, ऐन महायुद्धात. शास्त्रीजी तेव्हा हयात होते.

शोधाची तारीख आपण पाठ करतो; औषध दारात पोहोचल्याची तारीख कुणी विचारत नाही. ती विचारली डॉ. रा. वि. वर्देकरांनी. त्यांच्या नेतृत्वाखाली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचं काम 1951पासून वर्ध्यात सुरू झालं. त्यांनी रुग्णाची वाट पाहिली नाही. कार्यकर्ते घरोघर गेले, लोकांना समजावलं आणि रुग्णाला गावातच डॅप्सोन दिलं. हीच पद्धत पुढे देशाने उचलली. फॅजेंच्या शेजारी वर्देकरांचं नाव पाठ्यपुस्तकात यायला हवं.

डॅप्सोन आजही बहुविध औषधोपचाराच्या पाकिटात असतं, इतर दोन औषधांच्या जोडीला. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. सहा महिने किंवा वर्षभर घेतलं की रोग बरा होतो. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. 1908पासून झाला तेवढा उशीर पुरे.