सूर्य जळत नाही : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

सूर्याच्या अंतरंगात प्रत्यक्ष जाऊन पाहणे कोणालाही शक्य नसल्यामुळे त्याच्याविषयीचे ज्ञान दुरून घेतलेल्या मापनांवर आणि त्या मापनांचा अर्थ लावणाऱ्या गणितावर उभे राहिले आहे. या ज्ञानाचा मोठा भाग विसाव्या शतकात अमेरिकेतील वेधशाळांत, विद्यापीठांत आणि एका सोन्याच्या खाणीत आकाराला आला. तरीही सूर्याविषयीचे काही जुने समज आजही सर्वत्र रूढ आहेत.

गैरसमज : सूर्य हा जळणारा अग्निगोल आहे.

वस्तुस्थिती : ज्वलन म्हणजे एखाद्या पदार्थाचा ऑक्सिजनशी होणारा रासायनिक संयोग होय, आणि सूर्याच्या वस्तुमानाइतका कोळसा पेटवला तरी तो सूर्याच्या आजच्या तेजाने काही हजार वर्षेच पुरला असता. गुरुत्वाकर्षणामुळे सूर्य आकुंचन पावत असून त्यातून उष्णता निर्माण होते, हे लॉर्ड केल्विन यांचे स्पष्टीकरण मान्य केले, तर त्याचे आयुष्य काही कोटी वर्षांपर्यंत लांबते. परंतु पृथ्वीवरील खडकांचे वय अब्जावधी वर्षांचे असल्याचे किरणोत्सारावरून सिद्ध झाल्यावर तेही अपुरे ठरले. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात काम करणाऱ्या हान्स बेथे यांनी 1938-39 मध्ये ताऱ्यांतील अणुसंमीलनाच्या, म्हणजे हलकी अणुकेंद्रके एकत्र येऊन जड केंद्रक बनण्याच्या, क्रियांची सुसंगत मांडणी केली. सूर्याच्या केंद्रभागी, सुमारे दीड कोटी अंश तापमानात, चार हायड्रोजन केंद्रकांपासून टप्प्याटप्प्याने हेलियमचे एक केंद्रक तयार होते आणि त्यात वस्तुमानाचा जो सुमारे 0.7 टक्के भाग कमी होतो, त्याचीच ऊर्जा होते. या हिशेबाने सूर्याचे वस्तुमान दर सेकंदाला सुमारे 40 लाख टनांनी घटते.

गैरसमज : सूर्याच्या पोटात हायड्रोजन बॉम्बसारखे स्फोट होत असतात.

वस्तुस्थिती : सूर्यातील संमीलन अतिशय संथ असते, कारण दोन प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची केंद्रके, एकमेकांच्या अगदी निकट यावे लागतात आणि नेमक्या त्याच क्षणी त्यांपैकी एकाचे न्यूट्रॉनमध्ये रूपांतर व्हावे लागते, हा योग इतका दुर्मीळ आहे की एखाद्या प्रोटॉनला त्यासाठी सरासरी अब्जावधी वर्षे लागतात. सूर्याच्या केंद्रभागी एका घनमीटरमध्ये जेमतेम तीनशे वॅट दराने ऊर्जा निर्माण होते, आणि तेवढ्याच आकारमानाच्या जिवंत मानवी शरीरातून याहून अधिक उष्णता बाहेर पडते. सूर्याचे प्रचंड तेज त्याच्या प्रचंड आकारातून येते.

गैरसमज : सूर्य आणि पृथ्वी सारख्याच घटकांची बनलेली आहेत.

वस्तुस्थिती : विसाव्या शतकाच्या आरंभी खुद्द खगोलशास्त्रज्ञही असेच मानत असत, कारण सूर्याच्या वर्णपटात लोह आणि इतर धातूंच्या रेषा ठळक दिसतात. हार्वर्ड वेधशाळेत संशोधन करणाऱ्या सिसिलिया पेन यांनी मेघनाद साहा यांच्या आयनीभवनाच्या सिद्धांताचा, म्हणजे कोणत्या तापमानाला अणूंतील इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटे होतात हे सांगणाऱ्या नियमाचा, आधार घेऊन दाखवले की रेषेचा ठळकपणा घटकाच्या प्रमाणाइतकाच तापमानावरही अवलंबून असतो. तो हिशेब केल्यावर हायड्रोजन धातूंच्या सुमारे दहा लाख पट निघाला. प्रिन्स्टनचे ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना हे अशक्य वाटल्यामुळे पेन यांना 1925 च्या प्रबंधात स्वतःचाच निष्कर्ष जवळजवळ निश्चितच खरा नाही असे लिहावे लागले. पुढे 1929 मध्ये रसेल स्वतंत्र मार्गाने त्याच निष्कर्षाला पोहोचले आणि त्यांनी पेन यांच्या कामाचा उल्लेखही केला. वस्तुमानाच्या दृष्टीने सूर्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग हायड्रोजनचा असून उरलेला बहुतांश हेलियम आहे.

गैरसमज : मापन आणि सिद्धांत जुळले नाहीत, तर दोहोंपैकी एक चुकीचे असते.

वस्तुस्थिती : संमीलनात न्यूट्रिनो नावाचे, पदार्थांतून जवळजवळ विनाअडथळा आरपार जाणारे कण निर्माण होतात आणि ते सुमारे आठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात. ते टिपण्यासाठी रेमंड डेव्हिस यांनी साउथ डकोटातील होमस्टेक या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरिनयुक्त द्रवाची जवळपास चार लाख लिटरची टाकी बसवली. न्यूट्रिनोच्या आघाताने क्लोरिनच्या अणूचा आर्गॉन होतो. असा अणू टाकीत सरासरी दोन दिवसांतून एखादाच तयार होई आणि काही आठवड्यांनी द्रवातून हेलियम वायू खेळवून ते मोजके अणू वेगळे काढले जात. सूर्यातून किती न्यूट्रिनो यायला हवेत हे काढणाऱ्या जॉन बाकॉल यांच्या गणिताच्या तुलनेत ही संख्या सतत सुमारे एक तृतीयांशच भरत राहिली, आणि कोणी प्रयोगावर, तर कोणी सूर्याच्या प्रतिकृतीवर शंका घेतली. कॅनडातील सडबरी येथील प्रयोगाने 2001-02 मध्ये दोन्ही बरोबर असल्याचे दाखवले : न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात आणि होमस्टेकची टाकी त्यांपैकी एकच प्रकार टिपू शकत होती. डेव्हिस यांना 2002 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पेन यांचा आकडा त्या काळच्या मान्यतेला धरून नव्हता, तर डेव्हिस यांचा आकडा सिद्धांताला धरून नव्हता. दोन्ही आकडे अखेर खरे ठरले, आणि दुसऱ्याने तर सूर्याच्या अभ्यासातून पदार्थाच्या मूलभूत कणांविषयीची समजूतच बदलली. म्हणूनच काळजीपूर्वक केलेले मापन केवळ अनपेक्षित आहे एवढ्या कारणाने टाकून देता येत नाही.