दाटीची आवड की दाटीची सक्ती?

मुंबईच्या चाळकऱ्यास दाटीच आवडते, असे म्हणणारे सद्गृहस्थ बहुधा स्वतः ऐसपैस बंगल्यात राहतात. हाकेला ओ देणारा शेजार हवा, हे खरेच; दुकानदारास तर गर्दी म्हणजेच गिऱ्हाईक! परंतु निवडीस वाव नसेल तर तिला आवड कसे म्हणावे? 1896 साली प्लेग दाट वस्त्यांतून फैलावला, म्हणून 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने हवेशीर रस्ते काढले, दादर-माटुंग्यास मोकळी वस्ती आखली. पण ज्यांची घरे पाडली त्यांतील पुष्कळ गरीब शेजारच्या चाळींतच अधिक दाटीने शिरले, कारण रोजगार तेथेच होता. पुढे ओघ उलटला. 2001 ते 2011 या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 33 लाखांवरून 31 लाखांवर आली, तर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची एक कोटीच्या वर गेली. ही सारी मंडळी मोकळ्या हवेच्या ओढीने गेली काय? डोंबिवलीची सकाळची लोकल पाहणाऱ्याने उत्तर द्यावे. खोलीतील दाटी सोडून त्यांनी डब्यातील दाटी पत्करली. पुनर्विकासाचे नकाशे आखणाऱ्यांनी चाळकऱ्यास चौरस फुटांचे आकडे अवश्य ऐकवावे. मात्र गॅलरी हवी की नको, आणि कामाची जागा किती लांब चालेल, हेही त्यासच विचारावे.