थंडीत समुद्र शोधायला चला!

तुळशीचं लग्न आठवतंय ना? ऊस, चिंचा, आवळे, अंतरपाट आणि पलीकडे नवरदेव. बऱ्याच घरांत नवरदेव म्हणून बाळकृष्ण असतो, पण काही घरांत तिथे एक काळा, गुळगुळीत, गोलसर दगड ठेवतात. तो शाळिग्राम. मंगलाष्टकं संपली, चुरमुऱ्यांची पांगापांग झाली की त्या दगडाकडे नीट बघा. (हात लावायचा असेल तर आधी आजीला विचारा, हं.) एखाद्या शाळिग्रामाला भोक असतं आणि आत डोकावलं की वळ्यावळ्यांची नक्षी दिसते. मोठी माणसं तिला ‘चक्र’ म्हणतात. फुटलेला शाळिग्राम पाहायला मिळाला तर मात्र आत चक्क चकली दिसेल, काट्यांसकट!

ही चकली म्हणजे एका प्राण्याचं घर आहे. प्राण्याचं नाव अमोनाइट. तो राहायचा समुद्रात. आणि हा दगड आलाय कुठून? तर नेपाळमधून, हिमालयातल्या एका नदीतून. जिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे!

काहीतरी घोळ आहे असं वाटतंय? वाटायलाच हवं. चला, त्या नदीवरच जाऊ. स्वेटर, कानटोपी, हातमोजे घ्या. महिना डिसेंबर किंवा जानेवारी.

नदी काली गंडकी. नेपाळच्या मुस्तांग जिल्ह्यातून ती वाहते. तिच्या एका अंगाला ८१६७ मीटर उंचीचा धौलागिरी आणि दुसऱ्या अंगाला ८०९१ मीटरची अन्नपूर्णा. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, आता हिशेब तुम्हीच करा. नदीकाठी जोमसोम आणि कागबेनी ही गावं आहेत. वर ३७०० मीटरहूनही उंचावर मुक्तिनाथाचं देऊळ आहे आणि आपल्याकडचे पुष्कळ यात्रेकरू तिथे जातात.

एवढ्या थंडीत का जायचं, असा प्रश्न तुमच्यातल्या काही आळशी मंडळींना पडला असेल. कारण सरळ आहे. उन्हाळ्यात बर्फ वितळतं, पुढे पाऊस येतो, नदी फुगते आणि तिचं पाणी गढूळ, राखाडी होतं. त्या दिवसांत ती काठ पोखरते, दरडी पाडते, दगड गडगडत खाली आणते. पण आणलेला माल दाखवत मात्र नाही. हिवाळ्यात वरचं बर्फ गोठून बसतं, पाणी कमी होतं, आणि तेवढ्या रुंद पात्रात दोन-चार निळसर धारा काय त्या उरतात. बाकी सगळं पात्र उघडं. मैलोन् मैल नुसते गोटेच गोटे!

सकाळी लवकर जाऊन उपयोग नाही, कारण डोंगर इतके उंच की ऊन पात्रात उतरायलाच वेळ लागतो. उशिरा जाऊनही उपयोग नाही, कारण दुपार व्हायच्या आत तिथे वारा सुटतो. साधासुधा नाही, उभं राहू न देणारा. वरचं मुस्तांगचं उघडंबोडकं पठार उन्हाने तापतं, तिथली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला खालची हवा नदीच्या अरुंद घळीतून धावत सुटते. डोळ्यांत, नाकात, डब्यातल्या पोळीत, सगळीकडे वाळू. जोमसोमची विमानंसुद्धा म्हणूनच सकाळीच उडतात. तेव्हा आपल्यालाही ऊन आल्यापासून वारा सुटेपर्यंतच वेळ आहे. लागा कामाला.

हजारो गोट्यांतून शाळिग्राम ओळखायचा कसा? पांढरे, करडे, पट्ट्यापट्ट्यांचे गोटे सोडून द्या. नजर फक्त काळ्यावर ठेवा. काळा आणि गोलसर किंवा बसका दगड दिसला की उचला. आकाराच्या मानाने जड लागला तर उत्तम. मग तो पाण्यात बुडवून बघा, ओल्या दगडावरची नक्षी जास्त उठून दिसते. आणखी एक युक्ती म्हणजे दगड तिरप्या उन्हात धरायचा. सकाळचं ऊन आडवं पडतं, त्यामुळे कडेला एखादी बारीकशी कंगोऱ्यांची ओळ असली तरी तिची सावली पडते आणि चोरी पकडली जाते. बंदुकीच्या गोळीसारखा लांबट, टोकदार दगड मिळाला तर तोही टाकू नका. तो बेलेम्नाइट, अमोनाइटचा नातेवाईक.

एक ताकीद मात्र ऐकाच. डोंगराच्या भुसभुशीत कड्याखाली उभं राहून शोधायचं नाही. तिथून दगड सुटत असतात आणि त्यांना तुमचं नाव-गाव माहीत नसतं.

आता या दगडात प्राणी शिरला कसा?

सुमारे १५ कोटी वर्षं मागे जा. पृथ्वीवर डायनोसॉर हिंडताहेत. भारताचा भूभाग अजून विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियासारख्या शेजाऱ्यांच्या घोळक्यात. त्याच्या उत्तरेला पसरलाय टेथिस नावाचा समुद्र आणि त्या समुद्रात अमोनाइट पोहताहेत. दिसायला शंखासारखे असले तरी ते गोगलगाईचे सख्खे नव्हेत. ते ऑक्टोपसचे आणि कोकणातल्या बाजारात मिळणाऱ्या माकुळाचे भाऊबंद. तोंडाशी हातांचा झुबका, आणि पाण्याची पिचकारी मारायची की प्राणी उलट्या दिशेने पुढे!

त्याचं घर मोठं डोकेबाज होतं. अमोनाइट राहायचा फक्त सगळ्यात बाहेरच्या खोलीत. अंग वाढलं की तो पुढे सरकून घर वाढवायचा आणि मागे एक भिंत घालून जुनी खोली बंद करायचा. पुन्हा वाढला, पुन्हा भिंत. या सगळ्या भिंतींतून एक बारीक नळी जायची. तिच्यातून तो बंद खोल्यांमधलं पाणी काढून घ्यायचा, मग तिथे वायू भरायचा. त्यामुळे एवढं कवच पाठीवर असूनही तो बुडत नसे. भिंत जिथे बाहेरच्या कवचाला चिकटते तिथली रेघ तर फारच देखणी असते, वळणावळणांची, झालरीची. झिजलेल्या अमोनाइटवर ती दिसते. मला विचाराल तर चक्रापेक्षा ही रेघ जास्त बघण्यासारखी आहे, पण तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही.

तर असा एक अमोनाइट मेला आणि तळाच्या काळ्या चिखलात जाऊन पडला. त्या चिखलात प्राणवायू फार कमी. त्यामुळे तो भराभर कुजून नाहीसा झाला नाही. हळूहळू कुजताना त्याच्या आजूबाजूच्या पाण्यात रासायनिक बदल झाले आणि चुन्याची, लोहाची खनिजं त्याच्याभोवती साचू लागली. चिखल आवळला गेला आणि कवचाभोवती एक टणक गोळा तयार झाला. वरून आणखी चिखल पडत राहिला. त्याचा दबून मऊ, पापुद्र्यांचा खडक झाला. आतला गोळा मात्र दबला नाही, फुटला नाही. काही गोळ्यांत कवचाच्या जागी पायराइट म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज बसलं. ते पिवळं चमकतं, म्हणून शाळिग्रामात सोनं असतं असं म्हणतात. सोनं नव्हे हो ते!

मग भारताचा भूभाग सुटा होऊन उत्तरेकडे निघाला. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला धडकला. मधला टेथिस आटला, त्याचा तळ चुरगळला, उचलला गेला आणि त्याचा हिमालय झाला. एव्हरेस्टच्या अगदी माथ्यावरचा खडकसुद्धा समुद्रात तयार झालेला चुनखडक आहे, आणि तो आपल्या अमोनाइटपेक्षा कितीतरी जुना आहे. काळ्या चिखलाचा तो थर आज मुस्तांगमध्ये आहे, तसाच हिमाचल प्रदेशातल्या स्पितीच्या खोऱ्यातही आहे. भूवैज्ञानिक त्याला स्पितीचंच नाव देतात. ऊन, बर्फ आणि पाणी मऊ खडक झिजवतात, टणक गोळे सुटतात, नदी त्यांना घासून गुळगुळीत करते. शाळिग्राम तयार!

आपल्या जुन्या कथेत सांगितलंय की वज्रकीट नावाचा किडा हा दगड आतून कोरतो. हसू नका. ज्यांनी ही गोष्ट रचली त्यांनी दगड बारकाईने पाहिला होता. ही नक्षी कुण्या माणसाने छिन्नीने काढलेली नाही, हिच्यामागे एखादा जीव आहे, हे त्यांनी ओळखलं. फक्त क्रम उलटा होता: आधी दगड आणि मग किडा नव्हे, आधी प्राणी आणि मग दगड.

भूवैज्ञानिकाला शाळिग्राम दिसला की त्याचा हात हातोड्याकडे जातो. नेमका घाव बसला की दगडाचे दोन भाग होतात, एकात अमोनाइट आणि दुसऱ्यात त्याचा ठसा. भाविकाला मात्र तो अखंडच हवा असतो. तुम्ही तिथे पाहुणे आहात, म्हणून हातोडा घरीच ठेवा. तिथल्या लोकांसाठी ही नदी पवित्र आहे आणि काहींचं पोटही शाळिग्राम शोधून विकण्यावर चालतं. शिवाय दगड देशाबाहेर नेण्याचे नियम असतात. विचारल्याशिवाय पिशवीत काही भरायचं नाही. बघा, चित्र काढा, फोटो घ्या.

आता तुम्ही म्हणाल, नेपाळ लांब पडतं, आमच्या गावच्या नदीत शोधू का? शोधा, पण महाराष्ट्राच्या बहुतेक भागात अमोनाइट मिळणार नाही. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे. तापलेला लाव्हा जमिनीवर पसरला, त्यात समुद्राचे प्राणी कुठून येणार? आपल्याकडे गारगोट्या आणि स्फटिक मिळतील, तेही छानच असतात. गंमत बघा, हा लाव्हा उसळत होता तो काळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. नेमके त्याच सुमाराला मेक्सिकोजवळ एक प्रचंड अशनी आदळला आणि डायनोसॉरांबरोबर अमोनाइटही संपले. कोट्यवधी वर्षं समुद्र गाजवणाऱ्या प्राण्यांतला एकही उरला नाही. त्यांचा लांबचा नातेवाईक नॉटिलस मात्र वाचला. तो हिंदी आणि प्रशांत महासागरात आजही खोल्या बांधत आणि भिंती घालत जगतोय.

आपल्याला जवळची जागा म्हणजे गुजरातमधलं कच्छ. भुजच्या आसपासच्या खडकांत अमोनाइट सापडतात आणि विल्हेल्म वागेन या भूवैज्ञानिकाने १८७० च्या दशकातच त्यांच्यावर मोठं काम केलं होतं. अमोनाइटच्या जाती भराभर बदलत गेल्या आणि दूरदूरच्या समुद्रांत पसरल्या, म्हणून एखाद्या थरात कोणता अमोनाइट आहे यावरून त्या थराचं वय सांगता येतं. पण त्यासाठी तो नेमका कोणत्या थरात होता हे कळायला हवं. तेव्हा कधी कच्छला गेलात आणि खडकात चक्र दिसलं, तर ते उपटू नका. शेजारी एक पेन ठेवून फोटो काढा, जागा वहीत लिहा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा.