मोजणारी माणसं – लेखांक ६ : एका जमिनीचे तीन नकाशे

मागच्या लेखांकात आपण पर्जन्यमापकापाशी थांबलो होतो. पाऊस मोजून झाला. आता त्या पाण्याचं पुढे काय होतं ते पाहायला पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडकडच्या एखाद्या विहिरीवर जाऊ.

ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. वर्षातून चार वेळा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा माणूस ठरलेल्या विहिरीवर येतो, कठड्याच्या खुणेपासून टेप खाली सोडतो, आकडा लिहून घेतो आणि पुढच्या गावाला जातो. मोटार चालू असेल तर त्याची पंचाईत होते. उपसा चालू असतानाची पातळी फसवी असते, पाणी स्थिर व्हावं लागतं. बघणाऱ्याला हा सगळा खटाटोप वाटतो. विहिरीत पाणी किती, हे मालक पायऱ्या मोजून सांगेल की! सांगेल, पण यंदाचं आणि फार तर गेल्या सालचं. ही यंत्रणा १९७२ साली, दुष्काळाच्या ऐन तोंडावर उभी राहिली. राज्यात तिच्या अशा सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी आहेत. एका आकड्याला काडीची किंमत नाही, पण त्याच विहिरीचे चाळीस-पन्नास वर्षांचे आकडे एका रांगेत मांडले की ती विहीर बोलायला लागते.

ती काय बोलते हे कळायला आधी खडक समजून घ्यावा लागतो. विहीर खोदणारी माणसं तो वरून खाली वाचतात : माती, मुरूम, मांजऱ्या, मग काळा पाषाण. भूगर्भशास्त्र हेच जरा लांबवून सांगतं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरली, ज्यांना आपण सरसकट गारगोट्या म्हणतो. हाच मांजऱ्या. थराच्या पोटातला दगड मात्र घट्ट राहिला, तोच काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल पट्टा लागतो. खालच्या थराचा माथा झिजून तयार झालेली ती माती, वर आलेल्या लाव्हाने भाजून काढलेली. हा दगड उघड्यावर पाहायचा असेल तर टाकळी हाजीला जा. कुकडीच्या पात्रात भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी दगडाला गरागरा कोरून रांजणखळगे पाडलेत. पलीकडचा काठ निघोजचा, म्हणजे जिल्हाही दुसरा. नदीने मात्र दोन्हीकडे सारखंच काम केलं आहे.

असल्या खडकात पाणी मावतं ते झिजलेल्या मुरमात आणि भेगांत. तेही किती, तर शंभर लिटर आकाराच्या ओल्या मुरमातून हाती येतं एक ते तीन लिटर. बाकीचं त्याच्या अंगाला चिकटून राहतं. आता हिशेब करा. समजा, मे महिन्यात विहिरीचं पाणी नऊ मीटरवर होतं आणि ऑक्टोबरात चार मीटरवर आलं. गावाला वाटतं, पाच मीटर पाणी चढलं! दोन टक्क्यांनी धरलं तर त्या पाच मीटरांत खरं पाणी दहा सेंटिमीटर, म्हणजे १०० मिलिमीटर. इकडचा पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर. त्यातलं जमिनीत शिल्लक पडलं ते एवढं. नारळ हातावर उभा राहिला म्हणून बोअरचं ठिकाण ठरवणाऱ्या पाणाड्याशी मी वाद घालत नाही, पण हा गुणाकार नारळाला येत नाही. २००९च्या भूजल कायद्याने ६० मीटरच्या पलीकडची विहीर ‘खोल’ ठरवून तिला आळा घातला, त्यामागेही हाच खडक आहे. खाली जाल तसा पाषाण घट्ट आणि भेगा विरळ होत जातात.

नदीची मोजणी वेगळी. पुण्याची मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि पुढे दौंडच्या पुलाशी नदी मोजली जाते. पावसाळ्यात सोलापूरकर सकाळी वर्तमानपत्र उघडतो ते ‘दौंड विसर्ग’ बघायला, कारण ते पाणी त्याच्या उजनी धरणात जातं. तिथे खरं तर मोजली जाते पाण्याची उंची. वेगवेगळ्या उंचीला नदी किती वेगाने आणि किती रुंदीने वाहते हे आधी मोजून कोष्टक तयार ठेवलेलं असतं, त्यावरून क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, ते काढतात. दिवसभर ११,५७४ क्युसेक वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट भरतो. विहिरीला वर्षातून चार आकडे आणि पुरातल्या नदीला तासागणिक एक. घाई कुणाची आहे ते यावरून कळतं.

आता ऊस. पाटाने भिजवलेल्या उसाला हंगामात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. पावसाच्या चौपट आणि विहिरीत मुरलेल्याच्या वीसपट. म्हणजे शिरूर-दौंडचा ऊस पावसावर नाही आणि नुसत्या विहिरीवरही नाही. तो घोड, चासकमान, डिंभे आणि खडकवासल्याच्या कालव्यांवर आणि नदीवरच्या उपशावर उभा आहे. न्हावऱ्याचा आणि पाटसचा कारखाना नकाशावर पाहा, आजूबाजूला पाणी सापडेलच. आणि जिथे ऊस, तिथे आता बिबट्या.

बिबट्याला उसाचं कौतुक नाही. त्याला दहा-बारा महिने कुणी न मोडणारा आडोसा हवा, जवळ पाणी हवं, आणि कुत्री, डुकरं, शेळ्या हव्यात. मादी उसातच वीत असते, तोडणीला कोयता लागला की पिल्लं सापडतात. शिरूर तालुका जुन्नर वन विभागात येतो. या विभागात १९९३ ते २००१ दरम्यान माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. मग बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडण्याचा सपाटा लागला आणि सरासरी गेली १७ वर. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली हे मांडलं. अशा अभ्यासांत बिबट्याच्या शेपटीच्या मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात, म्हणून पुन्हा पिंजऱ्यात आलेला प्राणी कुठला, हे ओळखू येतं. २०१३च्या त्यांच्या अभ्यासात अकोले तालुक्यातल्या शेतशिवारात दर १०० चौरस किलोमीटरला पाचेक बिबटे आढळले, आणि तिथल्याच पुढच्या अभ्यासात त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा होता कुत्र्यांचा. माणसाचा जीव मात्र तिथे गेला नव्हता. अकोल्याचा हा दिलासा शिरूरला जसाच्या तसा लावू नये. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात लहान मुलं गेली, एक वृद्ध बाई गेली. ज्या घरातलं मूल गेलं तिथे सरासरी सांगायला जाऊ नये. पण पिंजरा लावायचा कुठे आणि पकडलेला बिबट्या न्यायचा कुठे, हे ठरवताना ती सरासरी समोर हवीच.

कालव्याची ओल संपली की जमीन चढते, काळी माती पातळ होते, मुरूम उघडा पडतो. दौंडच्या दक्षिणेला सुप्याकडे जाणारा हा माळ. इथे ऊस नाही, म्हणून आडोसा नाही. गवत आहे, म्हणून धनगरांची मेंढरं आहेत, चिंकारा आहे आणि लांडगा आहे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७चं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकाऱ्याला ते अंगणाएवढंच. सरकारदरबारी असल्या माळाला ‘पडीक’ म्हणायची जुनी सवय आहे. पडीक म्हटलं की कुणाला तरी तिथे चर खणावेसे आणि झाडं लावावीशी वाटतात. लांडग्याला विचारलं तर तो झाडं नको म्हणेल.

या लांडग्याला शास्त्रीय नाव मिळालं ते आपल्याच दख्खनमधून, १८३१ साली. नाव देणारा विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी वार्ताहर. गव्हर्नर एल्फिन्स्टनने १८२४ साली त्याला नेमलं. १८२९ साली पद रद्द झालं तरी गडी बिनपगारी काम पुरं करत राहिला. त्याने जमीन, खडक, शेती, पक्षी, प्राणी सगळं एकट्याने मोजलं. आज पाण्याची पातळी एका कार्यालयात, नदी दुसऱ्यात, बिबट्या जुन्नर वन विभागात आणि माळावरचा लांडगा पुणे वन विभागात. साइक्सचे दिवस परत यावेत असं म्हणण्यात अर्थ नाही, एका माणसाच्या आवाक्यातलं हे काम उरलेलं नाही. पण कालव्याचा नकाशा, निरीक्षण विहिरींचा नकाशा आणि बिबट्याच्या हल्ल्यांचा नकाशा एकाच टेबलावर ठेवायला कुणाची परवानगी लागू नये.

साइक्सने मासेही नोंदले, तेही कोळ्यांकडून नावं विचारून. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेल्या महसीरला त्याने इथलंच नाव चिकटवलं. म्हणून जगभरचे मत्स्यतज्ज्ञ आजही या माशाला ‘टॉर खुद्री’ म्हणतात. आज त्या पाण्यात खुद्री शोधायला गेलात तर नाकाला रुमाल लावून जा.

पुढच्या आठवड्यात घोड नदीकाठी, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला जाऊ. तिथल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनीही नदीचं पाणी वळवायचा खटाटोप केला होता.